इंजिनाला अजून पाना लागला नाही

सेकंडहँड मोटारसायकल विकणाऱ्या माणसाचं एक वाक्य कधीच बदलत नाही. "इंजिनाला अजून पाना लागला नाही." टायर घासून गुळगुळीत झालेले असतात, सीटवर तिसरं कव्हर चढलेलं असतं, चारपैकी एकच इंडिकेटर लागतो आणि तो एकदा लागला की विझत नाही, पण इंजिन मात्र कंपनीतून आलं तसंच. हे सांगताना विकणारा आवाज खाली आणतो आणि टाकीवर हात ठेवतो. घेणारा मान डोलावतो. वर्षा-दोन वर्षांनी हीच गाडी विकताना हेच वाक्य आपल्यालाही म्हणायचं आहे, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. त्यामुळे उलटतपासणी कुणी घेत नाही.

मोटारसायकलचा भरवसा मोजायला आपल्याकडे हे एवढंच माप आहे. ॲव्हरेजचं निराळं. "किती देते?" हा प्रश्न पेट्रोल पंपावर कुणीही कुणालाही विचारू शकतो. पगार विचारला तर भडकणारा माणूसही या प्रश्नाला हसून उत्तर देतो. सांगणारा दहा वाढवून सांगतो, ऐकणारा मनातल्या मनात दहा वजा करतो, हिशेब चोख राहतो. भरवशाचं तसं नाही. "कुठली गाडी घेऊ?" असं चार जणांत विचारा, चौघंही आपापल्या गाडीचं नाव सांगतील. त्यातही ज्याने जन्मभर एकच गाडी वापरली, तो सगळ्यात ठामपणे बाकीच्या कंपन्यांशी तुलना करील.

पुणे-पिंपरीच्या पट्ट्यात तर अशी तुलना घरात करायचीच सोय नाही. आधी आकुर्डी, मग १९८५ साली औरंगाबादजवळ वाळूज, पुढे चाकण. एवढ्या कारखान्यांमुळे घरटी एक मेहुणा किंवा साडू "बजाजमध्ये" निघतोच. तो अकाउंट्सला असला तरी इंजिनावर अधिकाराने बोलतो. "आतली गोष्ट सांगतो," अशी सुरुवात करून २००१ साली पल्सर बाजारात यायच्या आधी ती आपण पाहिली होती, हे तो दर दिवाळीला नव्याने सांगतो. अशा घरात जावई होंडा घेऊन आला तर चहा मिळतो, जेवून जा म्हणत नाहीत.

त्याच घरातल्या आजोबांना विचारून बघा, तुमच्या वेळी डीलरची सेवा कशी होती? आधी त्यांना प्रश्नच कळणार नाही. सत्तरच्या दशकात चेतकचं बुकिंग करायचं आणि वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघायची. परदेशी चलनात पैसे भरले तर गाडी लवकर मिळे, म्हणून अमेरिकेतल्या ज्या भाच्याच्या लग्नालाही कुणी गेलं नव्हतं त्याला अचानक प्रेमळ पत्रं जायला लागत. सेवा असायची, नाही असं नाही. ती गिऱ्हाइकाने डीलरची करायची असायची.

तेव्हाच्या बहुतेक गाड्या टू-स्ट्रोक. पंपावर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घ्यायचं, प्लगवर काजळी धरली की पॉलिश पेपरने घासायचा आणि शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक जादा प्लग ठेवायचा. गाडीवाला म्हणजे अर्धा फिटर, हे गृहीतच असे. अशात १९८५ साली हीरो होंडाची सीडी-१०० आली. ९७.२ सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन, ऑइल मिसळायची भानगड नाही, आणि जाहिरात काय, तर 'फिल इट, शट इट, फरगेट इट'. पहिल्या दोन गोष्टी लोकांना लगेच जमल्या. तिसरी जड गेली. रविवारी सकाळी गच्चीखाली फडकं पसरून कार्बोरेटर खोलून बसणारा, चहा जागेवर मागवणारा घरचा कर्ता पुरुष एकदम रिकामा झाला. मग बायकोने त्याला माळा आवरायला लावलं. हीरो होंडाने देशाचं किती पेट्रोल वाचवलं ते सगळे सांगतात, पण त्या काळात किती माळे स्वच्छ झाले याची दखल कुणी घेतली नाही.

पुढे १९९४ साली स्प्लेंडर आली. २०१० च्या डिसेंबरात हीरो आणि होंडा वेगळे झाले, तरी गावाकडे अजून 'हीरोहोंडा' हा एकच शब्द आहे. इंजिन आजही ९७.२ सीसीचंच. भरवशाच्या बाबतीत या गाडीवर बोट ठेवायला जागा नाही, आणि हाच तिचा मोठा दोष. स्प्लेंडरवाल्याला चारचौघांत सांगण्यासारखं काही नसतं. येझदीवाला सुरू करतो, "खंबाटकी घाट, रात्रीचे साडेअकरा, पाऊस, आणि माझी क्लच केबल तुटली..." सगळे पुढे सरकतात. बुलेटवाला त्यावर वरताण म्हणून हिमाचलातली गोष्ट काढतो. मग सगळे सौजन्याने स्प्लेंडरवाल्याकडे बघतात. तो म्हणतो, "मी सकाळी निघालो आणि दुपारी पोचलो." पुढे काय बोलणार? लोक उठून भजी संपली का बघायला जातात.

माझं तर असं स्पष्ट मत झालं आहे, की माणसाचं गाडीवरचं प्रेम आणि गाडीचा भरवसा यांचं प्रमाण व्यस्त असतं. जी कधी बंद पडत नाही ती गाडी लोक वापरतात. जी पडते ती मिरवतात. बुलेटचंच घ्या. १९५५ साली मद्रास मोटर्सने इंग्लंडच्या रॉयल एनफिल्डशी हातमिळवणी केली आणि बुलेट मद्रासला बनू लागली. पुढे तिकडची मूळ कंपनी बंद पडली, इकडची बुलेट चालूच राहिली. मालकाला विचाराल तर यातच सगळं आलं. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. ती नुसती किक मारून सुरू करता येत नसे. आधी डीकॉम्प्रेसरची छोटी दांडी ओढायची, किक हलकेच दाबत अँपिअरचा काटा मध्यावर आणायचा, मग दांडी सोडायची, आणि मग सगळं वजन टाकून एकच किक. काटा जरा इकडेतिकडे राहिला तर किक उलटी यायची. ती खाऊन घोट्याला पट्टी बांधून बसलेला माणूस "पडलो" म्हणत नसे, "बुलेट आहे माझ्याकडे" म्हणत असे, आणि समोरच्याला सगळं कळत असे.

बुलेटवाल्याची भरवशाची व्याख्याही स्वतंत्र आहे. त्याच्या मते बुलेट कधी बंद पडत नाही. ती थांबते. का थांबली हे त्याला माहीत असतं, ते तो रस्त्याच्या कडेला उकिडवं बसून तासभर समजावून सांगतो आणि तेवढ्यात ती गार होऊन आपोआप सुरू होते. त्याला म्हटलं, की अहो, पण खाली तेल गळतंय. तर तो तुमच्याकडे कीव केल्यासारखं बघतो. तेल आहे म्हणून गळतंय! कोल्हापूर-सांगलीकडे बुलेटच्या मालकासमोर ही शंका काढायचीच नाही. विषय गाडीवरून तालमीवर जायला वेळ लागत नाही.

मजा पुढे झाली. १९९४ मध्ये आयशरने कंपनी घेतली. यथावकाश गिअर डावीकडे आला, बटण आलं, आणि २००९ च्या आसपास जुनं ओतीव लोखंडाचं इंजिन जाऊन नवीन आलं. गाडी धड सुरू व्हायला लागली, तेल पोटात ठेवायला लागली, खप कितीतरी पटींनी वाढला. आणि जुने बुलेटवाले शोकात बुडाले. "आता ती बुलेट राहिली नाही हो." का, तर म्हणे बटण दाबलं की चालू होते. कुणीही चालवू शकतो! कुणीही म्हणजे कोण, हे ते सांगत नाहीत, पण माझ्यासारख्यांकडे बघून म्हणतात.

येझदीवाल्यांची जात याहून पुढची. म्हैसूरची आयडियल जावा १९९६ मध्ये बंद झाली. कारखाना नाही, डीलर नाही, पार्ट नाही, वॉरंटी नाही. म्हणजे हल्ली ज्याला डीलर नेटवर्क म्हणतात त्यात शून्य मार्क. तरी नंतरची वीस वर्षं येझद्या फिरत राहिल्या, अजून फिरतात. पार्ट नाना पेठेत मिळतो. तिथे नाही मिळाला तर जुन्या बाजारात मिळतो. तिथेही नाही मिळाला तर कुणीतरी सांगतं की अमुक गल्लीत एक म्हातारे मेस्त्री आहेत, ते करून देतील. ते करून देतात. शिवाय या गाडीला कुलूप लागत नाही. तिची किकची दांडी आणि गिअरची दांडी एकच. किक मारून झाली की तीच पुढे वळवून गिअर टाकायचा. चोराला किक कुठली आणि गिअर कुठला याचा उलगडा होईपर्यंत मालक आंघोळ उरकून खाली येतो. २०१८ मध्ये जावा नव्या कंपनीने परत आणली, मागोमाग येझदीही आली, तेव्हा मला वाटलं होतं हे लोक पेढे वाटतील. एका येझदीवाल्याने तोंड वाकडं करून विचारलं, "आता शोरूममध्ये न्यावी लागणार का सर्व्हिसिंगला?"

राजदूत, जी दुधाचे कॅन लावून धर्मेंद्रच्या जाहिरातीपेक्षा जास्त वजन वाहायची; तिचीच थोरली बहीण 'साडेतीनशे', जी पंपापासून पंपापर्यंत सुसाट जायची आणि ज्या काळात लोक पेट्रोल शंभराचं नाही, लिटरने मोजून टाकायचे त्या काळात आली म्हणून मेली; आणि यामाहाची आरएक्स-१००, जिचा आवाज ऐकून पन्नाशीतले सभ्य गृहस्थ बोलता बोलता गप्प होतात: या सगळ्यांवर लिहायला बसलो तर पाना खाली ठेवायला नको. पुढे जाऊ.

शोरूममध्ये जाऊ. कुठल्या कंपनीच्या ते विचारू नका, कुठल्याही चला. पाडव्याला किंवा दसऱ्याला डिलिव्हरी घेताना माणसाला जो मान मिळतो तो लग्नातही मिळत नाही. झेंडूचा हार, पेढा, नारळ, पुठ्ठ्याची दोन फुटी किल्ली, फोटो, टाळ्या. "सर, या बाजूने या." सर त्या बाजूने जातात. महिन्याभराने पहिल्या सर्व्हिसिंगला आल्यावर सरांना कळतं, की काचेचा दरवाजा विक्रीचा आहे. सर्व्हिसिंगचा रस्ता इमारतीच्या मागून, उतारावरून, पाण्याच्या टँकरला वळसा घालून आहे. तिथे एसी नाही, पेढा नाही. एक मुलगा जॉब कार्ड घेऊन येतो. तुम्ही त्याला सगळं सांगता: थर्ड गिअरला साधारण पंचेचाळीसच्या स्पीडला, मागे कुणी बसलेलं नसताना, पेट्रोल निम्म्याखाली आलं की डाव्या बाजूने किरकिर आवाज येतो. तो लक्ष देऊन ऐकतो, मान हलवतो आणि कार्डावर लिहितो, 'जनरल चेकअप'.

संध्याकाळी गाडी धुऊन मिळते. आवाज आहे तसाच. त्यावर ठरलेलं उत्तर, "सर, या मॉडेलला तो असतोच." वॉरंटीत बसेल का असं विचारलं तर कळतं, की जे कधी मोडत नाही तेवढं सगळं वॉरंटीत बसतं. बिलात 'कन्झ्युमेबल्स' अशी एक ओळ असते. ते काय, हे मी एकदा खोदून विचारलं. हात पुसायचं फडकं निघालं.

खरी गंमत यानंतर. तो मुलगा दारापर्यंत येतो आणि इकडेतिकडे बघून हळूच म्हणतो, "सर, कंपनीतून फोन येईल. दहापैकी दहा सांगा. नऊ म्हणजे नापास धरतात." आता पुण्यासारख्या गावात, जिथे अठ्ठ्याण्णव टक्के मिळवून आलेल्या मुलाला दोन कुठे गेले म्हणून विचारतात, तिथे दहापैकी दहा मागायचे! पण मुलगा गरीब असतो, दुसऱ्याच्या मुलाची नोकरी आपल्या तोंडाने जायला नको म्हणून आपण दहा सांगतो. आवाजाबद्दल विचारतात तेव्हा "अप्रतिम" सांगतो. सगळ्या कंपन्यांचे सगळे मुलगे हेच सांगत असल्यामुळे सगळ्या कंपन्यांची सेवा दहापैकी दहा आहे, आणि कुठली सेवा चांगली हे कागदावरून ठरवायचा मार्ग त्या दिवशी कायमचा बंद होतो.

मग भरवसा ठरवायचा कशावरून? माझ्या मते टोचनवरून. गाडी बंद पडली की मागून दुसऱ्या गाडीवाल्याने फुटरेस्टला पाय लावून ती ढकलत न्यायची, ही सेवा कुठल्याही कंपनीच्या पुस्तिकेत नाही आणि महाराष्ट्रात कुठेही फुकट मिळते. फक्त टोचन देणारा नेहमी दुसऱ्या कंपनीचा निघतो आणि वाटभर बोलत राहतो. "म्हणून मी ही घेतली नाही." बुलेटला स्प्लेंडरने टोचन द्यायचा प्रसंग मी पाहिला आहे. बुलेटवाला सगळा रस्ता सरळ पुढे बघत होता. तर प्रश्न एवढाच, की हे बोलणं किती किलोमीटर ऐकून घ्यावं लागतं. स्प्लेंडरचं टोचन पुढच्या फाट्यावर संपतं. फाटा कुठलाही असो, गडचिरोलीकडचा किंवा गगनबावड्याचा, बाहेर टायर टांगलेली एक टपरी असते आणि आतल्या बिस्किटाच्या डब्यात स्प्लेंडरची क्लच प्लेट असते. पल्सरचं टोचन तालुक्याला संपतं. काही देखण्या परदेशी गाड्या अशा आहेत, की त्यांना टोचन देत देत जिल्हा, मग मुंबई, आणि तिथून पुढे समुद्र लागतो. हार्ले डेव्हिडसनने २०२० च्या सप्टेंबरात भारतातला कारखाना आणि विक्री गुंडाळायचं जाहीर केलं, तेव्हा इथल्या हार्लेवाल्यांच्या पायाखालचा फुटरेस्टच सरकला. महिन्याभरात त्यांना हात दिला कुणी? हीरोने. २०२३ पासून तर हार्लेची एक गाडी हीरोच्याच कारखान्यात बनते. तेव्हापासून माझा स्प्लेंडरवाला मित्र सिग्नलला हार्ले दिसली की काच वर करून "आपलीच," म्हणतो.

तेव्हा लोक कंपनीचं नाव घेतात, पण त्यांच्या मनात असतो चौकातला फिटर. फिटरकडे कंपन्यांची वर्गवारी साधी असते. हात बसलेली गाडी आणि हात न बसलेली गाडी. हात बसलेली असली की त्याला काही विचारावं लागत नाही. तो लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला लावतो, दुसरं कानाला, डोळे मिटतो आणि "टायमिंग चेन" म्हणतो. शोरूममधला तोच आवाज, जो मॉडेलला असतोच, तो इथे निघतो. हात न बसलेली गाडी आली तर तो तिच्याभोवती एक चक्कर मारतो, खाली वाकतो, उठतो, आणि कंपनीच्या आईवडिलांविषयी शंका घेतो. हे विश्लेषण कुठल्याही मासिकातल्या तुलनेपेक्षा नेमकं असतं.

२०२० च्या एप्रिलपासून बीएस-सिक्स आलं आणि बहुतेक गाड्यांतून कार्बोरेटर गेला. इंजेक्शन आलं, सेन्सर आले, मीटरवर पिवळा दिवा आला. स्क्रूड्रायव्हर कानाला लावून सेन्सर ऐकू येत नाही. आता फिटर संपले, असं शोरूमवाले म्हणायला लागले. आमच्या चौकातल्या फिटरने वर्षभर दम धरला, मग एक स्कॅनर आणला. मोबाइलला जोडायचा असतो. पण तो बाहेर काढायची वेळ सहसा येत नाही. पिवळा दिवा लागलेली गाडी आली की तो बॅटरीची वायर काढतो, बिडी संपेपर्यंत थांबतो, परत लावतो. दिवा गेलेला असतो. "गेला ना?" तो विचारतो. गेलेला असतोच. "मग?" या "मग?"ला कुठल्याही कंपनीच्या हेल्पलाइनकडे उत्तर नाही. दिवा दोन दिवसांनी परत येतो, पण तोवर आपण खूश असतो.

भाचा कॉलेजला गेला, त्याला गाडी घ्यायची होती. मेहुण्यांना, साडूंना, येझदीवाल्यांना टाळून मी सरळ या फिटरकडे गेलो. कारण खरी तुलना करण्याचा अधिकार शहरात त्याच्याएवढा कुणालाच नाही. त्याची स्वतःची गाडी नाही, कधी नव्हती. पण दुरुस्त झालेली प्रत्येक गाडी "ट्रायल मारून" बघणं त्याच्या धंद्यात येतं. सकाळच्या ट्रायलला तो मुलीला शाळेत सोडतो. दुपारच्या ट्रायलला डबा आणतो. संध्याकाळच्या ट्रायलला भाजी. "उद्या मिळेल" म्हणून ठेवून घेतलेल्या गाडीची ट्रायल परवा जेजुरीपर्यंत झाल्याचं मागच्या फुटरेस्टला चिकटलेल्या भंडाऱ्यावरून एका गिऱ्हाइकाच्या लक्षात आलं होतं. सर्व कंपन्या, सर्व मॉडेल, सर्व रस्ते, आणि एका पैशाचा स्वार्थ नाही.

"मेस्त्री, खरं सांगा," मी म्हटलं, "भाच्याला कुठली घेऊ?"

त्याने हात पुसले. बराच विचार केला.

"हे बघा साहेब, स्प्लेंडरवाला पेट्रोल मोजून टाकतो. सर्व्हिसिंगला सोडताना तर काटा लालवर आणून सोडतो. पल्सरवाली पोरं पन्नासचं टाकतात, ते इथे येईपर्यंतच संपतं. टाकी भरलेली असते ती फक्त बुलेटवाल्याची." मग त्याने आपुलकीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही बुलेटच घ्या. आणि सर्व्हिसिंग आपल्याकडेच करा."